‘दोन तासांत भूल उतरते, गाडी काढा आणि घरी जा’: या मेसेजमधलं काय खोटं आहे

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: किरकोळ ऑपरेशनला भूलही किरकोळच असते, हल्लीची औषधं दोन तासांत शरीराबाहेर जातात, चालता आलं आणि चहा पचला की खुशाल गाडी काढा. चालवायची नसेल तर मागं बसून जा. 24 तास गाडी न चालवण्याची अट डॉक्टर स्वतःची कातडी वाचवायला घालतात. यातला एकच भाग अर्धामुर्धा खरा आहे, तो आधी सांगून टाकतो.

नख काढताना किंवा चामखीळ कापताना नुसतं लिग्नोकेन टोचून जागा बधिर केली आणि गुंगीचं काहीच दिलं नाही, तर डोक्यावर परिणाम होत नाही. मग बघायचं एवढंच की क्लच दाबणारी बोटं बधिर आहेत का, ब्रेकचा पाय बँडेजात आहे का. मोतीबिंदूनंतर एका डोळ्यावर पट्टी असते, अंतराचा अंदाज चुकतो. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले तरी चार-सहा तास उन्हात डोळे दिपतात. पण चिरा लहान म्हणून औषध हलकं, असा काही हिशोब नाही. दुर्बिणीतून पोट तपासताना एक टाकाही पडत नाही, तरी बऱ्याचदा शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेलं असतं.

आता ‘दोन तासांत बाहेर’. निरोगी माणसाच्या रक्तातलं मिडाझोलाम निम्म्यावर यायलाच साधारण दीड ते अडीच तास लागतात. म्हणजे दोन तासांनी जवळपास अर्धं शिल्लक, चार तासांनी पाव. म्हाताऱ्या माणसाला किंवा लिव्हर खराब असलेल्याला याहून जास्त वेळ लागतो. त्याच जातीचं डायझेपाम निम्म्यावर यायला 20 ते 50 तास लागतात, आणि शरीरात त्यापासून जो पदार्थ बनतो तोही गुंगी आणणाराच असून आणखी जास्त टिकतो. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलेला माणूस मात्र काही मिनिटांत डोळे उघडून बोलायला लागतो, आणि हा गैरसमज बहुधा तिथूनच निघालाय. ते औषध मेंदूतून उतरून स्नायूंत आणि चरबीत गेलेलं असतं, शरीराबाहेर नाही. शिवाय एकच औषध दिलंय असं क्वचितच असतं. सोबत दुखणं मारणारं फेंटानिल असतं, नाहीतर छोट्या दवाखान्यांत नेहमीची फोर्टविन-फेनर्गनची जोडी, म्हणजे एक दुखण्याचं आणि एक झोप आणणारं इंजेक्शन. त्यातलं फेनर्गन एकटंच माणसाला दुसऱ्या दिवसापर्यंत पेंगुळलेलं ठेवू शकतं. कुणी म्हणेल, उताऱ्याचं इंजेक्शन आहे ना? आहे, फ्लुमाझेनिल. पण ते फक्त मिडाझोलाम-डायझेपामच्या जातीवर चालतं, आणि त्याचा असर साधारण तासाभरात ओसरतो. मूळ औषध मागं उरलेलं असतं, म्हणून वाटेत पुन्हा गुंगी चढू शकते.

‘चालता आलं, चहा पचला.’ सुट्टी देण्याआधी दवाखान्यात हातपाय हलवणं, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाच गोष्टींना दोन-दोन गुण देतात. दहापैकी नऊ मिळाले की माणूस रिकव्हरीच्या खाटेवरून हलवण्याजोगा झाला. समोर अचानक काही आलं तर ब्रेक किती लवकर दाबला जाईल, हे त्या पाचांत कुठंच तपासलेलं नसतं. ताशी 50 च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. संध्याकाळी बिनरिफ्लेक्टरची कापसाची ट्रॉली पुढं असेल किंवा तुरीतून रोही (नीलगाय) रस्त्यावर आला, तर एका सेकंदाचा उशीर पुरेसा आहे.

‘मले तर काईच होऊन नाई राहिलं’ हे वाक्य पुरावा म्हणून सगळ्यात कुचकामी. मिडाझोलाम नवी आठवण बसूच देत नाही. सिस्टर गोळ्यांचं पाकीट हातात देऊन सगळं समजावते, पेशंट मान हलवून ‘हो हो’ म्हणतो, सही करतो, आणि संध्याकाळी घरी विचारतो, ‘गोळी कवा घ्याची?’ ज्याला सूचनाच आठवत नाहीत, त्याच्या ‘मी ठीक आहे’ला किती किंमत द्यायची? म्हणून सूचना सोबतच्या माणसाला द्यायच्या, त्याही कागदावर. गाडीची चावीही त्याच्याकडेच.

मागं बसण्याचा सल्ला आमच्या मते सगळ्यात घातक. नसबंदीच्या शिबिरात गुंगीचं इंजेक्शन घेतलेली बाई, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर लेकरू, आणि फटफटी खड्ड्यांतून चाललीय. डुलकी लागली की पकड सुटते, आणि पुढच्याला ते कळतही नाही. लेकरू दुसऱ्याकडे द्या आणि ऑटो करा, नाहीतर एसटीने जा. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढं मोफत. तोल जाऊ नये म्हणून खिडकीची सीट, आणि बाजूला सोबतचा माणूस.

कातडी वाचवण्याचं म्हणाल तर कायदा गाडी चालवणाऱ्याला धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसोबत औषधाच्या अमलाखाली ताबा सुटलेल्या अवस्थेत गाडी चालवणंही येतं. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तोंडाने फुंकायच्या यंत्रात मिडाझोलाम दिसत नाही, पण अपघातानंतर दवाखान्याचं कार्ड सगळं सांगतं.

ऑपरेशनची तारीख घेतानाच विचारा: गुंगीचं इंजेक्शन देणार का, कोणतं, आणि गाडी किती तासांनी चालवायची? औषधाचं नाव कार्डावर लिहून घ्या. डायझेपाम असेल, वय जास्त असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर 24 तासही कमी पडू शकतात. ट्रॅक्टर, थ्रेशर, कडबा कुट्टी, विहिरीत उतरून मोटर बघणं आणि फवारणी यांनाही तेवढाच मज्जाव. त्या दिवशी मोहाची असो की दुकानातली, दारू अजिबात नको, कारण श्वास मंदावतो. घरी जाताना दुखण्यावर ट्रॅमाडॉलची गोळी दिली असेल आणि तिने चक्कर किंवा झोप येत असेल, तर 24 तास उलटून गेले तरी ती बंद होईपर्यंत हँडल दुसऱ्याच्या हातात राहू द्या.