‘लिटल जर्मनी’ एका दिवसात बुडालं नाही

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या जर्मन वस्तीचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होते: १५ जून १९०४ ला ‘जनरल स्लोकम’ ही बोट जळाली, त्याच दिवशी ‘लिटल जर्मनी’ संपलं, आता तिथे बघायला काहीच नाही.

दुर्घटना भयंकर होती, यात वाद नाही. वस्तीतल्याच सेंट मार्क्स लुथरन चर्चची सहल, वार बुधवार, त्यामुळे बोटीवर बहुतेक बायका-मुलंच. १,०२१ जीव गेले. कित्येक घरांत मागे राहिला तो फक्त कामावर गेलेला बाप.

पण वस्ती त्याआधीच हलू लागली होती. १८८० पर्यंत थर्ड आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर उन्नत रेल्वे धावू लागली. ज्यांच्या हाती चार पैसे आले, ती कुटुंबं उत्तरेला यॉर्कव्हिलमध्ये मोठी घरं घेऊ लागली आणि त्यांच्या खोल्यांमध्ये पूर्व युरोपातले ज्यू राहायला आले. स्लोकमने या स्थलांतराला जोर दिला, सुरुवात केली नाही. खुद्द सेंट मार्क्सही १९०४ मध्ये बंद पडलं नाही. सहाव्या रस्त्यावरच्या त्याच्या इमारतीत सिनेगॉग आलं ते १९४० मध्ये, आणि चर्चचं नाव यॉर्कव्हिलच्या झायन-सेंट मार्क्समध्ये अजून आहे.

‘काहीच उरलं नाही’ हे तर मला अजिबात पटत नाही. १३५, सेकंड अ‍ॅव्हेन्यूसमोर उभं राहून जरा मान वर करा. लाल विटांची ओटेनडॉर्फर लायब्ररी, १८८४ ची. टेराकोटात घडवलेली घुबडं, पृथ्वीगोल, पुस्तकं. आणि दारावर जर्मन अक्षरं: ‘फ्राइए बिब्लिओथेक उंट लेझेहाले’, म्हणजे मोफत ग्रंथालय आणि वाचनालय. ‘न्यूयॉर्कर श्टाट्स-त्साइटुंग’ या जर्मन वृत्तपत्राच्या ओटेनडॉर्फर दांपत्याने ही वास्तू दिली. आजही ती सार्वजनिक लायब्ररीच आहे, आत जायला कुणाची परवानगी लागत नाही. शेजारीच त्यांनीच बांधून दिलेला जर्मन दवाखाना. जवळच, १२ सेंट मार्क्स प्लेसवर, जर्मन नेमबाज मंडळाची जुनी इमारत आहे. दर्शनी भिंतीवर नाव शाबूत.

टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमधलं स्लोकमचं स्मारक दाखवून फेरी आटोपणाऱ्या गाइडांना म्हणूनच माझं सांगणं आहे: लोकांना पुढे यॉर्कव्हिलच्या ८६व्या रस्त्यापर्यंतही न्या. तिथे १९३७ साली सुरू झालेलं ‘शॅलर अँड वेबर’ हे जर्मन सॉसेजचं दुकान आहे. स्लोकमनंतर ३३ वर्षांनी उघडलेलं.