सेकंडहँड सुपरकार घेताय? मग असंच करा

राजेहो, मोठ्या एसयूव्हीच्या पैशात जुनी पोर्शे मिळत असेल आणि थोडं ताणलं की लॅम्बोर्गिनीही, तर विचार कसला करताय? ‘गाडी चाललीच नाही, मग इंजिनचा बेल्ट काऊन बदलायचा?’ असं मोठ्या थाटात विचारणारे एक मालक परवा भेटले. या मंडळींना मार्गदर्शनाची फारच गरज दिसते, म्हणून हे.

सर्व्हिस रेकॉर्ड मागू नका. विकणाऱ्याचं मन दुखतं.

इन्स्पेक्शनही नको. सिलिंडरमध्ये बोरोस्कोप (बारीक कॅमेरा) घालून ओरखडे बघायचे, सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघणारी लीक-डाउन टेस्ट करायची, इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेच्या, पलीकडे कितीदा गेलं ते पोर्शेच्या कॉम्प्युटरमधून काढायचं, एवढा वेळ कोणाला आहे? 1997 ते 2008 मधल्या 911 आणि बॉक्सटरच्या आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं) तर नावच काढू नका. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरलाच असेल, तर 2005 पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत ते त्याच मजुरीत बदलून होतं. पण नका बदलू. ते फुटलं की अख्खं इंजिनच बदलायला मिळतं.

बजेट आखताना आपण मोजलेली किंमत धरा. गाडीची किंमत पंधरा वर्षांत उतरली, पार्टची उतरली नाही, हे लक्षात ठेवायचं काही कारण नाही.

मीटर मात्र बघाच. नऊ हजार किलोमीटर दिसले की डोळे मिटून टोकन द्या. फेरारी 360 पर्यंतच्या व्ही8 इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा; त्याजागी चेन आली ती एफ430 पासून. बेल्ट रबराचा. त्याला मीटर वाचता येत नाही, तो वर्षं मोजतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीला पत्र्याच्या शेडमध्ये जरा जास्तच भराभर मोजतो. तीन ते पाच वर्षांत बेल्ट आणि सोबत तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग बदलायचं असतं. एफ355 ला त्यासाठी सबफ्रेमसकट, म्हणजे खालच्या सांगाड्यासकट, इंजिन खाली घ्यावं लागतं. नाही बदललं आणि बेल्ट सुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. उभ्या गाडीत सील सुकतात, ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं म्हणून दोन वर्षांनी बदलावंच लागतं, बॅटरी बसते. टाकीत 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि त्या इथेनॉलचा विचार करून बनलेल्याच नाहीत अशा जुन्या रबरी नळ्या. डॅशबोर्डचं चामडं आकसतं, बटणांवरचा थर गुळासारखा बोटाला चिकटतो. आणि हे सगळं सांगितल्यावर माणूस काय म्हणतो? ‘पण भाऊ, चाललीच कुठे!’ अहो, नाही चालली म्हणूनच तर!

लॅम्बोर्गिनी गॅलार्डो ई-गिअरची (क्लच पायाने नाही, मशीन दाबतं अशी) असेल तर संध्याकाळी सीताबर्डीत न्या. सिग्नलला न्यूट्रल करू नका, गिअरमध्ये इंच-इंच सरकवा. मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प रिव्हर्सनेच चढा, क्लच सगळ्यात लवकर तिथेच जळतो. क्लच किती उरला ते डायग्नोस्टिक मशीनवर दिसतं, म्हणून मशीन लावू नका. नवा बसवला की तो कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं. गल्लीतल्या मेकॅनिकला म्हणा, ‘अंदाजाने कर.’ मग फ्लॅटबेडवर घालून समृद्धीने मुंबईला पाठवा. 701 किलोमीटरच तर आहे!

पार्किंग कडुनिंबाखाली. पोर्शेचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पाला साचतो, कुजतो, मग रेडिएटर गळतो. बंपर काढून साफ करायला फार खर्च नाही, म्हणून कोणी करत नाही.

विम्याच्या भरवशावर राहा. झीरो-डेप (पार्टच्या वयाची घट न कापणारा विमा) नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर 50 टक्के कापतात, आणि त्या बंपरमध्ये दुसरं असतं काय?

टायर? नक्षी शाबूत आहे ना, मग झालं.

नाही, झालं नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2315 म्हणजे 2015 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं, आणि ते घालून तू समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर, 120 ची मर्यादा असताना, 200 ने रील काढून राहिला बे? बाजूच्या लेनमध्ये बायको-पोरांना घेऊन कोणी गावी चाललाय, त्याने काय घोडं मारलंय तुझं? 295 मिमी रुंदीचा मागचा टायर महाग आहे हे गाडी घेताना माहीत नव्हतं? ब्रेक फ्लुइड बदलायला पैसे नाहीत आणि गाडीवर रंगीत फिल्मचा रॅप चढवायला आहेत. एक्झॉस्टचा आवाज वाढवायला आहेत. रोज सायलेन्सर फोडत वेस्ट हायकोर्ट रोडवर फेऱ्या मारायला आहेत.

परवडत नसेल तर उभी कर, नाहीतर विक. आणि विकताना बेल्ट बदललेला नाही हे कागदावर लिहून दे.