आत्याच्या नावापुढचा शब्द

गेल्या महिन्यात आत्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा वाचायला तिच्याबरोबर वकिलांकडे गेले होते. पहिल्याच पानावर तिचं नाव, वय ७४ आणि पुढे इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’. आत्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय गं?" मी म्हटलं, "अविवाहित." वकील म्हणाले, "तो फॉरमॅटच आहे, ताई." आत्या काही बोलली नाही. पण घरी येईपर्यंत गप्पच होती, आणि मला ते फार लागलं. ‘घोडनवरी’ हा शब्द तिने तिशीत पुरेसा ऐकलाय.

स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. इंग्रजीत ‘स्टर’ हा प्रत्यय जुन्या काळी काम करणाऱ्या बाईसाठी लागायचा. वेबस्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी. हे तिन्ही शब्द आज आडनावं होऊन सुखाने नांदताहेत. स्पिन्स्टर १४व्या शतकापासून लिखाणात सापडतो, आणि तेव्हा त्यात कमीपणा नव्हता. एका विणकराचा माग चालता ठेवायला अनेक जणींना कातावं लागे. ज्या बाईला नवरा नाही, तिच्या हाताला हे काम होतं आणि त्याचे पैसे मिळत.

मग कागद आले. इंग्लंडच्या कायद्यात नावापुढे धंदा किंवा दर्जा लिहायची रीत होती. पुरुषापुढे विणकर, शेतकरी असं काही. बाईपुढे अमक्याची बायको, तमक्याची विधवा. दोन्ही नसेल तर स्पिन्स्टर. १७व्या शतकात तो अविवाहित बाईचा कायदेशीर शब्दच होऊन बसला. पुढच्या शतकात ‘लग्नाचं वय उलटून गेलेली’ हा अर्थ त्याला चिकटला. त्याच शतकात हारग्रीव्हजची स्पिनिंग जेनी आली, मग मोठी यंत्रं आली, कातणं घरातून गिरणीत गेलं. काम गेलं, टोमणा राहिला.

आणि ‘बॅचलर’? तो आधी उमेदवारी करणारा तरुण सरदार होता. पुढे पदवीधर झाला, अविवाहित पुरुष झाला, आणि त्याला कधीच काही चिकटलं नाही. आत्या १९७१ची बॅचलर ऑफ आर्ट्स आहे. ते कुणी तिच्या नावापुढे लिहिलं नाही.

इंग्लंडमध्ये विवाहाच्या नोंदीतून हे दोन्ही शब्द डिसेंबर २००५ मध्ये काढले, आता तिथे दोघांनाही ‘सिंगल’ लिहितात. ज्यांचा शब्द, त्यांनी सोडला. आपण जुन्या मसुद्यावरून नवा मसुदा उतरवत तो सांभाळतोय, हे मला अजिबात पटत नाही. बक्षीसपत्र करताना आत्याचं लग्न झालं की नाही याची नोंद हवीच असेल, तर ‘अविवाहित’ लिहा. साधा शब्द आहे, कुणाला बोचत नाही.

हे सगळं मी तिला रात्री सांगितलं. ऐकता ऐकता तिने डाव्या हातात पेळू धरल्यासारखी चिमूट केली, उजव्या हाताने हवेतच टकळीला फिरकी दिली आणि डावा हात हळूहळू वर नेला. "शाळेत सूतकताईचा तास होता आम्हाला," ती म्हणाली. "माझं सूत तुटायचं नाही."

सकाळी तिनेच वकिलांना फोन केला. परवा दुसरा मसुदा आला. नावापुढे ‘निवृत्त शिक्षिका’ आहे. सही मंगळवारी.