मायना उबदार, मजकूर गार

ओळखीच्या माणसाला दोन ओळींचा ईमेल पाठवायचा असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा. ओळींना दोन मिनिटं पुरतात. उरलेली २८ मिनिटं सुरुवातीला काय म्हणावं आणि शेवटी काय म्हणून निघावं, यासाठी राखीव. काही लोक हे न करता थेट मुद्द्यावर येतात. त्यांची कामं लवकर होतात हे खरं, पण अशा माणसांशी तुम्हाला काय करायचंय?

जुन्या लोकांचं बरं होतं. सा.न.वि.वि. एवढं लिहिलं की साष्टांग नमस्कार घडला. अंगाला धूळही लागायची नाही, चार टिंबांत काम व्हायचं. रोमन लोकही याच पंथातले. ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ हे अख्खं वाक्य ते लॅटिनमध्ये सहा आद्याक्षरांत उरकत. त्यांचा नामवंत वक्ता सिसेरो याने बायकोला लिहिलेल्या पत्रांतही हेच वाक्य सापडतं. बायकोलाही ठरलेला मायना लिहायचा आणि त्याबद्दल दोन हजार वर्षं कुणी नाव ठेवायचं नाही, असं भाग्य आता नाही.

घोळ १९७१ साली झाला. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर संदेश पाठवला, पत्त्यात माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये ‘@’ बसवलं, आणि मायन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढणार कशाला, पहिले संदेश तो स्वतःलाच पाठवत होता. त्यांत काय लिहिलं होतं हे पुढे त्यालाही आठवेना. ईमेलची परंपरा इथूनच सुरू होते.

आता तुमच्याकडे वळू. ‘प्रिय’ लिहायचा मोह आवरा. इंग्रजीतलं ‘डिअर’ थकलेल्या हप्त्याच्या नोटिशीलाही चालतं. मराठीत मात्र कार्यालयातल्या कुणाला ‘प्रिय’ म्हणून पाहा. समोरचा माणूस स्क्रीन थोडी तिरकी करतो. म्हणून सुज्ञ लोक ‘हाय’ म्हणतात. ‘हाय’चा मोठा गुण असा की त्यात अरे-तुरे नाही, अहो-जाहो नाही. वय, हुद्दा, मागच्या भेटीत आपण नक्की काय म्हणालो होतो, सगळ्यावर पांघरूण.

पण पुढच्याच ओळीत क्रियापद दबा धरून बसलेलं असतं. ‘फाइल पाठवशील का?’ की ‘पाठवाल का?’ इथे भलेभले फसतात. तुम्ही कर्त्यालाच वाक्यातून हाकलून द्या. ‘फाइल मिळाली तर बरं होईल.’ कोण देणार, कुणाला देणार, काही पत्ता नाही. फाइल आपली आभाळातून पडावी तशी. वाक्य असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं हे दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे, आणि तो काहीच करत नाही. हरकत नाही. कुणाचा अपमान झाला नाही ना? (या युक्तीवर मी एका गृहस्थांशी चार वर्षं पत्रव्यवहार केला. अजून फाइल आलेली नाही. संबंध उत्तम आहेत.)

नावापुढच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करू नका. ‘नेहा,’ म्हणजे सगळं ठीक. ‘नेहा!’ म्हणजे काहीतरी काम आहे. ‘नेहा.’ म्हणजे नेहाने आज लवकर घरी जावं.

पाच-सहा उत्तरं झाली की मायना गळून पडू लागतो. पहिला कोण गाळतो यावर डोळा ठेवा. आधी तुम्ही गाळलात तर उद्धट, त्याने गाळला तर तुम्ही नावडते. म्हणून दोघांनीही शेवटपर्यंत ‘हाय’ म्हणत राहावं, मग मजकूर नुसता ‘हो’ असला तरी.

समारोपाचं शास्त्र तापमानाचं आहे. ‘वॉर्म रिगार्ड्स’ कोमट, ‘रिगार्ड्स’ गार, आणि त्याचीही फक्त आद्याक्षरं आली तर नोकरीची जुनी कागदपत्रं काढून ठेवावीत. ‘थँक्स इन अ‍ॅडव्हान्स’ला मराठीत ‘आगाऊ धन्यवाद’ म्हणतात. भाषेनेच एवढा स्पष्ट अभिप्राय दिल्यावर मी वेगळं काय बोलणार! ‘कळावे, लोभ असावा’ मात्र टाळा. पाण्याच्या गळतीबद्दल शेजाऱ्याला लिहिताना लोभ मागणं बरं दिसत नाही.

खाली सही आलीच. १९९५ सालच्या आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या पत्रकात सही साधारण चार ओळींत आटोपावी, असं सांगितलंय. तुम्ही चार ओळी फक्त पदव्यांना द्या. मग दोन फोन नंबर, एक सुविचार, आणि ‘कागद वाचवा, हा ईमेल छापू नका’ ही विनंती, जिच्यामुळे छापील प्रत दुसऱ्या पानावर जाते. ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ ही ओळही राहू द्या. शुद्धलेखनाच्या चुकांना तिच्याइतका भरवशाचा वकील नाही. संगणकावरून लिहितानाही ती हाताने टंकणारे लोक मला माहीत आहेत.

एवढं सगळं जमवून ईमेल पाठवलात, की ध्यानात येईल, फाइल जोडायचीच राहिली. आता दुसरा ईमेल. त्यात पुन्हा ‘हाय’ म्हणावं का? जिन्यात दोन मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाला परत नमस्कार घालण्यासारखं ते. न म्हणावं तर चूक करून वर ताठा. मी अशा वेळी विषयाच्या चौकटीत ‘आता जोडली’ एवढंच लिहितो आणि आत काही लिहीत नाही. फाइल त्यातही राहिली, तर तिसऱ्या ईमेलची सुरुवात सा.न.वि.वि. अशी करावी, आणि या खेपेला नुसत्या टिंबांवर भागवू नये.