फाइल पेशंटची, मग वाचायचीही पेशंटने

कागदी केसपेपर हळूहळू हद्दपार होतायत, याचं मला जराही वाईट वाटत नाही. न लागणारं अक्षर, गहाळ झालेले रिपोर्ट, एकाने दिलेल्या औषधाचा दुसऱ्याला पत्ताच नसणं, या सगळ्यापायी लोकांनी फार सोसलंय. मध्यरात्री बेशुद्ध माणसाला इमर्जन्सीत आणलं आणि त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना स्क्रीनवर लगेच दिसलं, तर जीव वाचू शकतो. तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी डिजिटल नोंदींच्या बाजूनेच बोलेन.

पण त्या नोंदींमध्ये लिहिलेलं असतं काय?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या 23 हजारांहून जास्त नोंदींचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. नोंदींमधला फक्त 18 टक्के मजकूर डॉक्टरांनी स्वतः टाइप केलेला होता. 46 टक्के कॉपी-पेस्ट, आणि उरलेला सिस्टिममधून आपोआप आलेला. म्हणजे आज लिहिलेल्या नोंदीतला बराचसा भाग कालचा, परवाचा, कदाचित दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही. पेशंटसमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जातात, असं तिथल्याच 2016 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. इतकं डोक्यावर असताना कुणीही कॉपी-पेस्ट करेल. शिवाय यातल्या कितीतरी सिस्टिम वाढल्या त्या बिलिंगच्या गरजेतून. पेशंटची हकीकत नीट मांडता यावी, हा विचार मागेच पडला.

आणि एकदा शिरलेली चूक मग निघता निघत नाही. माझ्या आईच्या नावापुढे कित्येक वर्षं लाल अक्षरात ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ दिसायचं. लहानपणी कधीतरी तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, कशाने ते घरात कुणालाच ठाऊक नाही. एका ओपीडीत तिने ते बोलता बोलता सांगितलं आणि कुणीतरी ॲलर्जीच्या रकान्यात टाकून दिलं. तिथून ते डिस्चार्ज समरीत, तिथून पुढच्या हॉस्पिटलात. प्रत्येक इन्फेक्शनला साधं औषध बाजूला ठेवून दुसरं, जास्त कडक दिलं जायचं. शेवटी एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारलं, “काकू, तेव्हा नक्की काय झालं होतं, सांगाल का?” मग रीतसर टेस्ट झाली. ॲलर्जी नव्हतीच! अमेरिकेत साधारण दहातल्या एका पेशंटच्या फाइलवर हा शेरा असतो, आणि टेस्ट केली तर त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांना पेनिसिलिन चालतं.

स्क्रीनवर दिसतंय म्हणजे बरोबरच असणार, हे आपल्या मनात फार खोल बसलंय. तिथल्याच एका नामांकित रुग्णालयात 2013 साली एका मुलाला एका अँटिबायोटिकची एकच गोळी द्यायची होती. डोस टाकताना 160 मिलिग्रॅमच्या जागी ‘दर किलोमागे 160 मिलिग्रॅम’ असं गेलं आणि ऑर्डर झाली साडेअडतीस गोळ्यांची. सिस्टिमने अलर्ट दिला होता, पण दिवसभरात इतके निरर्थक अलर्ट येतात की तोही बंद केला गेला. नर्सला आकडा खटकला. तिने बारकोड स्कॅन केला, तर सिस्टिम म्हणाली डोस बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. त्याला झटके आले, पण तो वाचला. हे वाचल्यापासून मी स्क्रीनवरच्या आकड्यालाही “असं कसं?” विचारते.

म्हणूनच मला वाटतं, फाइल सगळ्यात आधी पेशंटला दिसली पाहिजे. अमेरिकेत 2010 साली शंभरेक डॉक्टरांनी प्रयोग म्हणून आपल्या नोंदी पेशंटना वाचायला खुल्या केल्या. वर्षभराने 99 टक्के पेशंटना हे चालू राहायला हवं होतं, आणि एकाही डॉक्टरने ते बंद केलं नाही. नोंदी वाचणाऱ्या पेशंटची नंतर पाहणी झाली, तर दर पाचांतल्या एकाला आपल्या फाइलमध्ये चूक सापडली होती. एस्टोनियात तर आपली फाइल कुणी कुणी उघडली तेही नागरिकाला ऑनलाइन बघता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण फिनलंडमध्ये मानसोपचार घेणाऱ्या हजारो लोकांची खाजगी टिपणं चोरीला गेली आणि 2020 साली त्यांनाच धमकावलं गेलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा नोंदीची प्रत मागा. चालू औषधं, ॲलर्जी, जुने आजार आणि ऑपरेशन्स, एवढं तरी ओळीने वाचा. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं की डाव्या, हेसुद्धा बघा. काही चुकलं असेल तर तोंडी सांगून सोडू नका. लेखी द्या, पोच घ्या, आणि दुरुस्ती झाल्यावर नवी प्रत मागून घ्या.