जलपर्णी शेततळ्यात सोडू नका

‘शेततळ्यात जलपर्णी सोडा, वर्षभर फुकट गॅस आणि विटा मिळवा’ हा मेसेज फिरतोय. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. शेणासोबत कुजवली की जलपर्णीपासून बायोगॅस मिळतो, वाळवून कांडी-कोळसाही करता येतो. पण तिच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. 10 किलो ओली जलपर्णी मी अंगणात वाळवली, तर स्पंजासारखे देठ चिरमटून किलोभरही माल उरला नाही. विटाही नुसत्या जलपर्णीच्या होत नाहीत, माती किंवा सिमेंट लागतंच.

मुख्य म्हणजे ती मुद्दाम लावायची नाही. बघता बघता तळं झाकून टाकते, बी वर्षानुवर्षं गाळात जिवंत राहतं. नदीत माजलेली आहे तीच काढून वापरूया. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.