‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : दोन गुण कुठे गेले?

नमस्कार.

दहावीच्या मुलांना तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुणांबद्दल काय वाटतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी चूक कबूल करते. भाषांचे तोंडीचे गुण 2018 च्या परीक्षेपासून बंद झाले असं मी लिहिलं होतं; ते बंद झाले मार्च 2019 च्या परीक्षेला. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमचं ते वाक्य : ‘बाई, निवृत्तीनंतर घरी बसून वर्गाची चित्रं रंगवू नका, मुलांना फक्त गुण हवे असतात.’ मत पटलं नाही तर तसं सांगा, पण ही काय बोलण्याची रीत झाली? 27 वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलंय मी. एकेका तुकडीत साठ-पासष्ट मुलं. वह्यांचे गठ्ठे पिशवीत कोंबून एसटीने घरी नेलेत. तुम्ही किती वह्या तपासल्यात?

मुलांना फक्त गुण हवे असतात म्हणता, तर ऐका. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत निबंधाची वही घेऊन आली. दहापैकी आठ, खाली ‘छान’ आणि माझी सही. बाकी पानावर लाल शाईचा एक ठिपकाही नाही. म्हणाली, ‘बाई, छान आहे तर दोन गुण कुठे गेले?’ मला सांगता येईना. ‘नऊ करू का?’ म्हटलं, तर तिने वहीच मागे ओढली. नऊ नको होते तिला. त्या दिवसापासून प्रत्येक निबंधाखाली मी कारण लिहू लागले, ‘शेवटच्या परिच्छेदात विषय सुटला’ असं काहीतरी. वह्या वाटल्या की मुलं आधी ती ओळ शोधायची. तोंडी परीक्षेबद्दलही त्यांची तक्रार हीच : कविता म्हणणाऱ्याला वीसपैकी वीस आणि गप्प उभं राहणाऱ्यालाही वीसच, मग आमचं ऐकलं कुणी?

तोंडी गेली तशी दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला, तेव्हा हीच मुलं रडत होती, हा तुमचा दुसरा मुद्दा. तो मंडळाच्या धोरणाचा विषय आहे, माझ्या लेखाचा नाही. ‘मुलं शिक्षकांसमोर खरं बोलत नाहीत’ याला तर उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही.

तुमचा मुलगा दहावीत आहे असं लिहिलंय. त्याची वही उघडा आणि कापलेल्या गुणांचं कारण त्याला ठाऊक आहे का, ते विचारा. मग पुन्हा लिहा, आणि या वेळी नाव घालून.